पावसची तिसरी गिटार

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. टँगो नाचताना तोंडात गुलाबाचं फूल धरत नाहीत. मी अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेस शहरात, अठ्ठावीस वर्षं टँगो वाजवला. हजारो माणसं माझ्या गिटारवर नाचली, पण दातांत फूल धरून नाचणारा एकही इसम मला भेटला नाही. ते सिनेमावाल्यांचं काम. तरी मी परत आल्यापासून रत्नागिरीत ज्याला त्याला आधी त्या गुलाबाचंच विचारायचं असतं.

दुसरं म्हणजे, मी परदेशात भारतीय संस्कृतीचा झेंडा वगैरे काही रोवलेला नाही. गेल्या वर्षी रत्नागिरीतल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल दिली, तीही एप्रिलच्या उकाड्यात. नारळ दिला. आमच्या आगरात नारळ पडून कोंब फुटतायत, पण असो, रीत आहे. सूत्रसंचालक गृहस्थ म्हणाले, भारतीय संगीत सातासमुद्रापार नेणाऱ्या सुनंदाताई. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, मी काहीही नेलं नाही. मला एक राग धड गाता येत नाही. मी त्यांच्यात बसून त्यांचं संगीत वाजवलं आणि त्यावर पोट भरलं. अध्यक्षांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, बरं, आता काहीतरी आपलं वाजवा. म्हटलं, हेच माझं. आणि लागोपाठ तीन टँगो वाजवले. अर्धा हॉल चहाला उठला. उठू दे. मी काही चहा थांबवायला आले नव्हते.

हे लिहायला बसले ती त्या सत्काराच्या तिरमिरीत. माझं म्हणणं साधं आहे. मला गिटारवाली म्हणा, त्याच्या पुढेमागे काही चिकटवू नका. इथं ते लोकांच्या गळी उतरत नाही, आणि तिथं उतरवायला मला अकरा वर्षं लागली. त्याचीच गोष्ट सांगते.

आमचं घर रत्नागिरीजवळ पावसला. थोडी कलमं, थोडं आगर, आणि वडील बोटीवर. त्यांनी एका सफरीहून गिटार आणली आणि माजघरातल्या खुंटीला टांगून पुन्हा बोटीवर गेले. तिचं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी कॉलेजला रत्नागिरीला जायला लागले तेव्हा बंदराजवळ फ्रान्सिस मास्तर राहायचे. गोव्याचे. तरुणपणी बोटीवरच्या बँडात होते, पुढं रत्नागिरीतच लग्न करून राहिले. त्यांनी मला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी गिटारला हातही लावू दिला नाही. म्हणाले, आधी नखं. उजव्या हाताची वाढवायची, कारण तार त्यांनीच छेडायची. डाव्या हाताची मुळापर्यंत कापायची, कारण त्या बोटांनी तार दाबायची.

आई कपाळाला हात लावून म्हणायची, "काय गो बाय, एका हातानं नटलीस, नि दुसऱ्या हातानं काय घोडं मारलंन?" तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, साफ करायला बसवलं की माझं एखादं नख जायचंच आणि मास्तर आठवडाभर तोंड फिरवून बसायचे. पुढं धंद्यात पडल्यावर कळलं की नख मोडलं तर टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचा तुकडा गोंदानं चिकटवतात. मी मी म्हणणारे गिटारवाले ते करतात. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक कधी नव्हती, पण फुटका चेंडू कायम असायचा.

मुंबईत हॉटेलांत वाजवलं, मग प्रवासी बोटीवरच्या बँडात लागले. एका हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात आणि तिथल्या उन्हाळ्यात, बोट दुरुस्तीसाठी ब्वेनोस आयरेसला तीन दिवस अडकली. रविवार होता. भर दुपारी मी एका जुन्या वस्तीतून चालले होते, आणि एका क्लबातून गाणं आलं. क्लब म्हणजे आपल्याकडच्या वाडीच्या मंडळासारखा प्रकार. आत लांब टेबलं, माणसं सहकुटुंब जेवतायत, पोरं धावतायत, आणि कोपऱ्यात एक पोट सुटलेला म्हातारा उभा राहून गातोय. त्याच्यामागे खुर्च्यांवर तीन गिटारवाले. ढोल नाही, ताशा नाही, काही नाही. आणि तरी टेबलाखाली एकूण एक पाय ठेक्यात हलत होते. मी दारात उभी राहिले ती शेवटच्या गाण्यापर्यंत. बोटीचा करार संपवला आणि बॅग घेऊन त्याच दारात परत आले. वय वर्षं एकतीस.

काकांचं पत्र आलं की लग्न नाही ते नाही, वर परक्यांचं गाणं, आपल्याकडे काय कमी आहे. मी उलट टपाली लिहिलं, कमी काहीच नाही, पण मला हे हवंय.

त्या म्हाताऱ्याचं नाव आन्सेल्मो. सगळे मानानं त्यांना 'दोन' आन्सेल्मो म्हणत, तिथलं 'दोन' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. आता धंदा समजावून सांगते. टँगो म्हटलं की लोकांना मोठा वाद्यवृंद आठवतो. पण त्याआधीपासूनची रीत म्हणजे एक गायक आणि तीन गिटार. तिसरी गिटार खर्ज सांभाळते, अंगठ्यानं. दुसरी मधलं भरते. पहिली गिटार एकटीच गाण्याची सुरुवात करते आणि पुढंही गायकाच्या बरोबरीनं बोलत राहते. पहिली सुरू झाल्याशिवाय गायक तोंड उघडत नाही आणि बाकीचे दोघं तारेला हात लावत नाहीत. ठेक्याला वाद्य नसल्यामुळे ठेका सगळा आमच्याच हातात, आणि गायक मुद्दाम त्या ठेक्याच्या मागे रेंगाळणार. तो रेंगाळला म्हणून आपण रेंगाळलो की मेलो. त्याला पाठीमागून धरायचं, पण धरलंय असं त्याला वाटू द्यायचं नाही.

मला त्यांनी घेतलं ते तिसऱ्या गिटारवर, आणि तेही तिसरा वादक भांडून गेला होता म्हणून. पहिल्या गिटारवर तितो, सत्तरीचा, बोलायला कंजूष. दुसऱ्यावर रुबेन, माझ्याच वयाचा. रुबेननं पहिल्याच दिवशी मला सांगितलं की हे रक्तात असावं लागतं. वाईट भावनेनं नाही हो, आपण कोणाला सांगतो ना की तुम्हांला आमचं तिखट सोसायचं नाही, तसं. पुढची दहा वर्षं महिन्यातून एकदा तरी तो ते म्हणायचा.

आणि एकदा मी त्याला चांगलंच कोलीत दिलं. टँगोबरोबर आम्ही तिथलं लोकसंगीतही वाजवायचो. त्यात खेड्यापाड्यातला एक जोडीनृत्याचा प्रकार आहे, चाकारेरा. त्याची मात्रा न् मात्रा ठरलेली. इतकी वळणं, इतके फेरे, आणि शेवटच्या सुरावर बाई आणि पुरुष हात वर करून समोरासमोर उभे, संपलं. माझा पहिलाच चाकारेरा. शेवटची ओळ आली, आणि माझ्या हातानं काय करावं? आपल्याकडे आरती संपताना शेवटची ओळ पुन्हा घेतात, भजनात तर तीनतीनदा घेतात. लहानपणापासूनची सवय, मी ओळ पुन्हा घेतली. एकटीनंच. समोर चार जोड्या हात वर करून पुतळ्यासारख्या उभ्या, आणि माझं आपलं चालू. एक आजोबा बिचारे हात खाली करावेत की पुन्हा नाचावं या विवंचनेत अर्धवट गुडघ्यात वाकले. रुबेन हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. तितो तेवढा म्हणाला, ओळ चांगली होती, पुन्हा ऐकायला हरकत नव्हती.

मला मात्र त्या दिवसापासून नाव चिकटलं. तिथं भारतातल्या माणसाला, त्याचा धर्म कुठला का असेना, सरसकट हिंदू म्हणतात. मी झाले 'ला हिंदू', म्हणजे ती हिंदू बाई. लोक प्रेमानं म्हणत, ते मला कळत होतं. पण चांगलं वाजवलं की 'हिंदू असून किती छान', आणि चुकलं की 'हिंदूच ती'. म्हणजे माझ्या वाजवण्याचं श्रेय मला नाही आणि दोषही मला नाही. हे किती जळतं ते ज्याला चिकटलंय त्यालाच ठाऊक.

इथं एक कबुली देते, कारण नुसता तोरा मिरवायला मी हे लिहीत नाही. माझ्या राहण्याच्या परवान्याला कोणीतरी मालकाचं पत्र लागायचं, आणि आन्सेल्मोंचा क्लब असलं पत्र देऊ शकत नव्हता. पत्र द्यायला तयार झाला तो पर्यटकांसाठी जेवण आणि टँगोचा खेळ करणाऱ्या एका हॉलचा व्यवस्थापक. अट एकच, साडी नेसायची आणि मोठी टिकली लावायची. जाहिरातीत माझा फोटो, खाली लिहिलेलं, गंगेकाठचा टँगो. मी जन्मात गंगा पाहिली नव्हती. चार महिने मी ते केलं. साडीचा पदर गिटारच्या कडेत अडकायचा, समोर पर्यटक हात जोडून नमस्ते करायचे, आणि मी काय वाजवतेय इकडे कोणाचं लक्ष नसायचं. एकदा मुद्दाम चुकीचा सूर वाजवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच दिवशी मी टिकली काढून आरशाला चिकटवली आणि बाहेर पडले. परवान्यासाठी मग दीड वर्ष कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. त्या चार महिन्यांची मला आजही लाज वाटते. साडीची नाही, साडी माझीच आहे. मी तिच्याआड लपून वाजवलं, त्याची.

आईला मी हे कधी कळवलं नाही. तिला तिकडं कधी नेलंही नाही, याची खंत आहे. फोनवर ती फक्त विचारायची, जेवतेस ना, आणि त्या लोकांत तुला नावानं हाक मारतात ना. मी हो म्हणायचे. पहिलं खरं होतं.

अकराव्या वर्षी तितोचे हात थरथरायला लागले. एका रविवारी त्यानं गिटार पेटीत ठेवली आणि सांगितलं की पुढच्या रविवारपासून मी जेवायला येईन, वाजवायला नाही. पहिली खुर्ची रिकामी झाली. ती आपलीच असं रुबेन धरून चालला होता, आणि का धरू नये, तो दुसऱ्या गिटारवर होता, तिथला होता, वाजवायचाही उत्तम. पण ती खुर्ची मला हवी होती. तिसऱ्या खुर्चीवर हिंदू बाई ही गंमत म्हणून चालते. पहिल्या खुर्चीवर गंमत चालत नाही, तिथं गिटारवालीच लागते.

आन्सेल्मोंची परीक्षेची पद्धत त्यांच्यासारखीच विक्षिप्त होती. कोणाला काही सांगितलं नाही. जेवताना, तोंडात अर्धा घास, एकदम टेबलावरूनच गायला लागले, सूर कुठला ते त्यांनाच माहीत. रुबेन आणि मी दोघांनी गिटारी उचलल्या. रुबेन लगेच तार हळूहळू छेडून सूर शोधायला लागला. मी थांबले. गौरीगणपतीत आमच्याकडे बायका फुगड्या घालतात, गाणी म्हणतात, त्याला पेटीबिटी नसते. गाणं उचलणारी कुठूनही उचलते, आणि बाकीच्यांनी तिचा श्वास ऐकून त्यात शिरायचं. ऐकायला मी तिथं शिकले. हे मी आन्सेल्मोंना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लगेच हिंदू बाईचं गूढ वगैरे झालं असतं. त्यांनी ओळ संपवून श्वास घेतला आणि दुसरी ओळ उचलली, त्याच क्षणी मी आत शिरले. सूर बरोबर होता. त्यांनी गाणं संपवलं, घास गिळला आणि म्हणाले, "रुबेन सूर शोधतो. ही मला शोधते."

रुबेन उठून बाहेर गेला. मला वाटलं, गेला हा कायमचा. पण पुढच्या रविवारी तो आधी येऊन आपल्या दुसऱ्या खुर्चीवर बसला होता. माझ्याशी मात्र एक अक्षर बोलला नाही.

त्या रविवारी क्लब गच्च भरलेला, तितो नाही म्हणून कुतूहलानं आलेले लोकही होते. आमच्यात एक रीत होती. सुरुवातीला गायक वादकांची ओळख करून देतो, नाव आणि गाव. गावाला फार मान. अमुक वस्तीचा, तमुक खेड्याचा म्हटलं की त्या भागातली माणसं टेबलं बडवतात. आन्सेल्मोंनी तिसऱ्या गिटारवरच्या नव्या वादकाचं नाव घेतलं, गाव घेतलं. मग म्हणाले, दुसरी गिटार, आवेजानेदाचा रुबेन. टेबलं वाजली. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, आणि पहिली गिटार, आपली लाडकी हिंदू.

टाळ्या पडल्या. आन्सेल्मोंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सुरू कर. मी उजवा हात तारांवर पालथा ठेवला आणि तशीच बसून राहिले.

दहा वर्षं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी नाही ऐकलं गेलं. पहिलीनं सुरुवात केल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, आणि पहिली मी होते. टाळ्या थांबल्या. काटेचमचे थांबले. आन्सेल्मो वाकून हळूच म्हणाले, काय झालं. मी हळू बोलले नाही.

"सगळ्यांची नावं सांगितलीत, गावं सांगितलीत. माझंही सांगा."

"हिंदू म्हटलं की."

"ते नाव नाही आणि गावही नाही. मी सुनंदा. पावसची."

ते म्हणाले की पावस इथं कोणाला ठाऊक असणार. मी म्हटलं, तुमचं गाव तरी कोणाला ठाऊक आहे, एक पाण्याची टाकी आणि एक रेल्वे फाटक, तरी दर रविवारी छाती पुढं काढून सांगताच ना. मागच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. आन्सेल्मो कानापर्यंत लाल झाले. यापेक्षा क्षुल्लक कारणावरून त्यांनी माणसं घरी पाठवलेली मी पाहिली होती. अकरा वर्षं एका बाजूला आणि हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला. पण हात उचलला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि रुबेनला खूण केली की तू सुरू कर.

रुबेनला आयती संधी होती. खुर्ची गेली होती, ती एका सुरात परत मिळत होती. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिटारवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि आन्सेल्मोंना सरळ म्हणाला, "सुरुवात पहिल्या गिटारनं करायची असते."

तो माझ्या बाजूनं बोलला असं मी म्हणणार नाही. तो धंद्याच्या बाजूनं बोलला. माझ्यासाठी ते त्याहून मोठं होतं, कारण त्यात मी पहिली गिटार आहे हे त्यानं भर सभेत मान्य केलं. आन्सेल्मोंनी जॅकेट खाली ओढलं, लोकांकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून पुन्हा ओळख करून दिली. तिसऱ्याची, रुबेनची, आणि शेवटी घसा खाकरून, एकेक अक्षर चावून, म्हणाले, "पहिली गिटार, पावसची सुनंदा."

कुठल्या तरी टेबलानं सवयीनं थाप मारली, मग सगळ्यांनीच मारल्या. मी सुरुवात केली. त्या दिवशी कसं वाजवलं ते आठवत नाही. आन्सेल्मोंनी गाताना एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि आमच्या धंद्यात त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होतो.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही जेवायला बसलो. रुबेन माझ्या शेजारी येऊन बसला आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा बोलला, मीठ दे म्हणाला. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ बायकोला घेऊन टेबलाशी आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, फार बरं वाटलं हो, आमच्या प्रांताच्या दक्षिणेकडची माणसं वाजवतातच अशी. मग बायकोकडे वळून म्हणाले, पावस आठवतं ना, मावशीकडे जाताना लागायचं ते.

बाईंनी मान डोलावली. हो हो, गाडी तिथं थोडा वेळ थांबायची.

रुबेन खुलासा करायला तोंड उघडत होता. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"तेच," मी म्हटलं. "पण गाव स्टेशनपासून लांब आहे. तिथून बस धरावी लागते."